खुब्यांची हजेरी

सगुणदाजी नदीत गुडघाभर पाण्यात उभे राहायचे, हातातल्या शिंपल्याच्या डोक्यावर चमच्यानं टक् करून वाजवायचे आणि त्याला विचारायचे, "बरो आसस मां रे?"

शिंपल्याला डोकं नसतं हे मला ठाऊक आहे. मी शाळामास्तर आहे. पण दाजी ज्या जिव्हाळ्यानं विचारायचे त्यावरून डोकं, कान, सगळंच असावं असं वाटायचं. चमचा वाजला की अर्धवट उघडा असलेला तो शिंपला चटकन मिटायचा. मग दाजींचा चेहरा खुलायचा. "बंद झालो. हजर!" असं म्हणून ते त्याला टोपलीत ठेवायचे आणि दुसरा उचलायचे.

मी गडहिंग्लजकडचा. बदली होऊन कोकणात उतरलो त्याला तेव्हा जेमतेम चार दिवस झाले होते. वालावलीहून नदीच्या काठाकाठानं वर चालत आलं की आमचं गाव लागायचं. शाळा एक, मास्तर एक, आणि शाळेच्याच कोपऱ्यातल्या पोस्टाचा पोस्टमास्तरही तोच एक. नदीवर मी आंघोळीला गेलो होतो. समोर हा प्रकार. धोतराचा काचा मारलेला, अंगात खाकी सदरा घातलेला, साठीला आलेला माणूस शिंपल्यांची चौकशी करतोय म्हटल्यावर मी काठावरच थांबलो.

"काय चाललंय हे?" मी भीत भीत विचारलं.

"हजेरी," दाजी म्हणाले. "तुमी नवे मास्तर मां? मगे तुमका हजेरी म्हणजे काय ता सांगूक व्हया?"

मला खरंच सांगायला हवं होतं. पण नव्या गावात पहिल्याच आठवड्यात आपलं अज्ञान उघडं करू नये, म्हणून मी मान डोलावली आणि आंघोळ न करताच घरी आलो.

हळूहळू एवढं कळलं की गोड्या पाण्याच्या चिखलात रुतून बसणाऱ्या या जाड कवचाच्या शिंपल्यांना गावात खुबे म्हणतात, ते ओलं खोबरं घालून फार चवीनं खातात, आणि सगुणदाजी ते कधीही खात नाहीत. दाजींनी बांबूच्या तीन टोपल्या विणून, त्यात खुबे घालून, नदीत तीन ठिकाणी बुडवून ठेवल्या होत्या. सगळ्यात वरची टोपली देवळाच्या डोहात. ती पहिली. मधली, होडी लागते त्या उतारावर. ती दुसरी. आणि शेवटची, बायका जिथं धुणं धुतात त्या काळ्या कातळाच्या खालच्या अंगाला. ती तिसरी. प्रत्येक खुब्याच्या पाठीवर तांबड्या रंगानं आकडा घातलेला. दर आठवड्याला चमचा घेऊन हजेरी. गाव त्यांना 'खुब्यांचो डाक्तर' म्हणायचं, आणि तेवढ्यावर गावाचं समाधान झालं होतं. माझं होईना.

एके दिवशी दाजी शाळेत आले आणि जुना हजेरीपट मागू लागले. "रेघा मारून मारून हात दुखले मास्तरांनू. तुमच्याकडे आयत्यो रेघा आसत."

जुना, अर्धा कोरा राहिलेला एक पट मी देऊन टाकला. माणसानं दुसऱ्याचे हात दुखू देऊ नयेत. पण दाजींच्या घराला गळती, म्हणून तो पट ते शाळेच्याच कपाटात ठेवू लागले, आणि तिथं माझी मती गेली.

कारण पुढच्याच महिन्यात तपासणीला साहेब आले. अतिशय कडक माणूस. त्यांनी आल्या आल्या स्वतःच कपाट उघडलं आणि वरचाच पट ओढला. दोन पानं उलटली, चष्मा पुसला, पुन्हा उलटली.

"मास्तर," ते म्हणाले, "तिसरीत एका महिन्यात नऊ मयत?"

मी पाहिलं. दाजींच्या ठसठशीत अक्षरात 'इयत्ता तिसरी' आणि खाली आकड्यांपुढे 'मयत, मयत, मयत'. चौघं 'वाहून गेले'. एक 'खेकड्याने खाल्ला'.

"साहेब, ते खुबे आहेत."

"सगळे एकाच भावकीतले?"

"साहेब, शिंपले. नदीतले."

 मग साहेबांनी खरी तिसरी उभी केली, प्रत्येक पोराच्या खांद्याला हात लावून अकरा मोजले, आणि जाताना मला सांगितलं की कोकणातली हवा घाटावरच्या माणसाला सुरुवातीला मानवत नाही, प्रकृतीला जपा. शेऱ्याच्या वहीत मात्र त्यांनी काहीच लिहिलं नाही. काय लिहावं हे त्यांनाही सुचलं नसावं.

मी संतापून दाजींच्या घरी गेलो. दाजी अंगणात केळीच्या पानांवर चिखल वाळत घालत होते. पहिलीचा चिखल वेगळा, दुसरीचा वेगळा, तिसरीचा वेगळा. करवंटी बांधलेल्या बांबूनं ते तो नदीच्या तळातून ओढून काढायचे, वाळवायचे, चाळायचे, नाकाला लावायचे आणि औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत भरून ठेवायचे. माझं सगळं बोलणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"साहेबान तिसरीचाच पान काढल्यान?" त्यांनी विचारलं.

"हो!"

"मगे साहेब हुशार आसा. माका पण तिसरीचीच काळजी लागली हा."

 मी पाणी पिऊन परत आलो.

मग सुरू झाली पार्सलं. गावातला एक चाकरमानी मुंबईत कुठल्याशा प्रयोगशाळेत शिपाई होता. त्याच्याकडून दाजींनी पत्ता मिळवला होता. एका सकाळी ते कापडात शिवलेलं, लाखेनं बंद केलेलं पुडकं घेऊन पोस्टाच्या खिडकीशी उभे राहिले.

"आत काय आहे?"

"चिखल."

"आणखी?"

"चार खुबे. सुकवलेले. तिसरीतले."

पोस्टाच्या नियमांचं पुस्तक मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. स्फोटक पदार्थ नेऊ नयेत, जिवंत प्राणी नेऊ नयेत असं त्यात होतं. चिखल नेऊ नये असं कुठंही नव्हतं. नियम बनवणाऱ्याला असा माणूस भेटलेला नव्हता. मी शिक्का मारला.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. टंकलेखित, सही-शिक्क्याचं. 'आपला नमुना पोचला. चिखलात व शिंपल्यात कोणत्या द्रव्याचा शोध घ्यावयाचा आहे व त्याचे प्रयोजन काय, ते कळवावे, म्हणजे तपासणी करता येईल.' दाजींनी ते पत्र माझ्याकडून तीन वेळा वाचून घेतलं. गावात कुणालाही मुंबईहून इतकं सभ्य पत्र आलं नव्हतं. मला वाटलं, आता हा माणूस नाचणार. पण दाजी पोस्टाच्या बाकावर नुसते बसून राहिले.

"सोपं आहे दाजी," मी म्हटलं. "सांगा, मी लिहितो. काय शोधायचं? आणि कशासाठी?"

"लिवा," दाजी म्हणाले. मी टाक बुडवला. दाजींनी घसा साफ केला. बाहेर फणसाखाली पोरं पाढे म्हणत होती. पाढे संपले तरी दाजी गप्पच. शेवटी "उद्या येतंय" म्हणून उठले.

ते दर सोमवारी यायचे. मी टाक बुडवायचो, ते घसा साफ करायचे, आणि "उद्या येतंय" म्हणून जायचे. खुब्याला एवढं बोलतं करणारा माणूस, आणि स्वतः चमचा वाजल्यासारखा मिटायचा. मला काही कळेना. माझ्याकडे नऊ कोरे कागद जमले. त्यांवर फक्त 'प्रयोजन :' एवढं लिहिलेलं होतं.

मधल्या काळात दिवाळी आली, आणि माझ्या गोंधळात भर पडली. पलीकडच्या काठावर दाजींची थोरली बहीण दिली होती. चंद्राआक्का. नवरा मुंबईत, आक्का एकटीच शेत बघायची, आणि फावल्या वेळात कातळाखालच्या चिखलातून खुबे काढायची. तिच्या हातच्या खुब्यांची तारीफ मी या काठावर राहून ऐकली होती. भाऊबीजेला दाजी नवं धोतर नेसून होडीत बसले. त्यांच्या सोबतीला मीही गेलो. आक्कानं ओवाळलं, दाजींनी तबकात ओवाळणी घातली, पाया पडले आणि सरळ होडीकडे परत चालू लागले. मागून आक्का वाढलेलं ताट घेऊन धावत आली, थेट पाण्यापर्यंत.

"वायच एक घास खा रे सगुणा! काय केलंय मी तुका?"

"पोट बरा नाय गो."

"पाच वर्सां पोट बरा नाय? माझ्या घरातला इख झाला तुका?"

दाजींचा चेहरा असा झाला की मी होडीतनं दुसरीकडे पाहिलं. होडीवाल्यानं बांबू टेकला. आक्का गुडघाभर पाण्यात ताट घेऊन उभी होती. अर्ध्या नदीत आल्यावर मी न राहवून म्हटलं, "दाजी, खुबे नको असतील तर नका खाऊ. ताटात काळ्या वाटाण्याचं सांबारंही होतं. ते खायचं."

"वाटाणे खाल्लंय तर इचारतली, खुबे कित्याक नाय?" दाजी म्हणाले. "मगे माका सांगूचा लागतला."

"काय सांगावं लागेल?"

दाजींनी पाण्यात हात बुडवला आणि काठ येईपर्यंत तसाच ठेवला.

त्याच दिवाळीत मी घराचा दरवाजा पुसत होतो. माझ्या भाड्याच्या घराच्या चौकटीवर, आणि गावातल्या झाडून सगळ्या घरांच्या चौकटीवर, तांबड्या रंगात एक जुनी तारीख लिहिलेली होती. हिवतापाच्या फवारणीची. पांढरी पावडर पाण्यात कालवून भिंतींवर मारली की असा आकडा घालून जात. त्यातल्या चाराच्या आकड्याला एक लांब, खाली वळलेली शेपटी होती. ती शेपटी मी ओळखली. चौदा नंबरच्या खुब्याच्या पाठीवर अशीच होती.

शेजारच्या घरात विचारलं तर तिथली म्हातारी म्हणाली, "म्हणजे? तुमका म्हायत नाय? सगुणानच मारल्यान सगळी फवारणी. तेच्या पायी ह्या गावातलो ताप गेलो. तेचो धाकटो भाव तापानच गेल्लो. तेव्हा चंद्रान सगुणाक सांगल्यान, त्या कामार जा, म्हणान. देवमाणूस तो."

गावानं ते लक्षात ठेवलं होतं. दरवर्षी रवळनाथाच्या देवळात गावाची समाराधना व्हायची, तेव्हा मानकरी नाना पहिला नारळ दाजींच्या हातात द्यायचे. ताप घालवल्याबद्दल. आणि दाजी तो नारळ असा धरायचे की जणू कुणी तापलेलं भांडं हातात दिलंय. मला वाटायचं, लाजतात.

त्या वर्षीच्या समाराधनेला मी होतो. दोन्ही काठांवरची माणसं आली होती. बायका एका अंगाला, पुरुष दुसऱ्या. उन्हं डोक्यावर आलेली, पानं मांडलेली, आतून भाताचा वास येत होता. पण गाऱ्हाणं झाल्याशिवाय पानावर बसायचं नाही, ही रीत. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे गावाचं म्हणणं मांडायचं. मानकरी एकेक वाक्य बोलणार आणि गावानं प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. भूक लागलेली असली की गाव हे फार जोरात म्हणतं.

नाना नारळ घेऊन पुढे झाले, तेवढ्यात दाजी उठले. "नानानू, आज एक गाऱ्हाणा माझा घालूचा आसा."

"घालतंय की. कारण काय सांगू देवाक?"

इथंही तेच. मुंबईच्या साहेबालाही प्रयोजन हवं आणि रवळनाथालाही. मला वाटलं, आता हे "उद्या येतंय" म्हणणार. पण दाजींनी नानांच्या हातातला नारळ घेतला. "कारण मीच सांगतंय," म्हणाले.

"हे बा देवा रवळनाथा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव गरजलं.

"ताप जावचो म्हणान जी पावडर इली, ती मी घराघरात मारलंय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"गावान माका नारळ दिलो. पण सांजेक मी पंप खंय धुतंय, ता कोणी इचारूक नाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तो मी नदीत धुतलंय. धुण्याच्या कातळार. उरलेली पावडर पण थंयच वतलंय. पाच वर्सां, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" कुणीतरी पानावरची माशी हाकलली.

"कातळाखालचे खुबे आ करून मेले. गाव म्हणालो, देवचार कोपलो. देवचार नाय, मी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

 मी आजूबाजूला पाहिलं. सगळ्यांची नजर भाताकडे होती. दाजींचा आवाज कापत होता, आणि गाव ठेक्यात, एका सुरात त्यांच्या प्रत्येक शब्दाला हो म्हणत होतं.

"पावडरीन माणसां वाचली, ता खरा. खुबे मेले, ता पण खरा. माका समजणा नाय, मी बरा केलंय काय वायट. ता इख अजून चिखलात आसा काय, खुब्यांच्या पोटात आसा काय, ता कळापर्यंत गावान कातळाखालचे खुबे खाव नये. आणि माझ्या हातसून जा चुकला, ता पोटात घाल, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी एकटा मागे राहिलो. सगळ्यांचं म्हणून झाल्यावर माझ्या तोंडून 'व्हय म्हाराजा' निघालं, आणि ते त्या शांततेत भलतंच मोठ्यानं ऐकू आलं. दोन पोरं हसली. पानं वाढली गेली.

दुसरा भात येईपर्यंत कुणाला काही आठवलं नाही. मग कुणीतरी शेजाऱ्याला विचारलं, "मगाशी खुब्यांचा काय ता होता?" आणि पंगतीत एकच गोंधळ उडाला. एक म्हणाला, खुबे सोडायचे. दुसरा म्हणाला, नाही, पावडर सोडायची. तिसऱ्याची खात्री होती की गावाच्या राखणदाराला, देवचाराला, नारळ द्यायचाय. एकजण तावानं म्हणाला, "मी काय ऐकूकच नाय, मगे माझा व्हय कसा झाला?"

मानकरी नानांनी हातातला घास खाली ठेवला. "देवासमोर व्हय म्हटलास मां?"

"म्हटला."

"मगे झाला. आता बदलाचा नाय."

अशा रीतीनं आमचं अख्खं गाव न ऐकता वचनात अडकलं. त्यात चूक पोटात घालण्याचं वचनही होतं, हे नानांना ठाऊक असावं. कारण जेवण झाल्यावर त्यांनी नेहमीसारखा पहिला नारळ दाजींना दिला, आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

मी मात्र बायकांच्या बाजूला पाहत होतो. तिथं चंद्राआक्का पानावर बसली नव्हती. ती खांबाला धरून उभी होती. तिनं एकदाही 'व्हय म्हाराजा' म्हटलं नव्हतं. सगळ्या गावात ऐकणारी ती एकटीच होती. मी दाजींना ते सांगायला वळलो, तर दाजी निघून गेलेले.

दुसऱ्या दिवशी सोमवार. दाजी पोस्टात आले नाहीत. नदीवर हजेरीही झाली नाही. मला राहवेना, कागद आणि टाक घेऊन मीच त्यांच्या घरी गेलो. दार आतून बंद. मी हाका मारल्या. उत्तर नाही. तेवढ्यात पायवाटेनं आक्का आली. एका हातात झाकलेलं भांडं, दुसऱ्या हातात पळी. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पळीनं दारावर टक् करून वाजवलं.

"बरो आसस मां रे?"

आत काहीतरी खाली पडलं. मग कडी निघाली. दाजी दारात उभे होते, रात्रभर जागल्यासारखे. आक्का आत गेली, पाट मांडला, केळीचं पान ठेवलं आणि भांड्यावरचं झाकण काढलं.

"वाटाण्याचा सांबारा आसा," ती म्हणाली. "खुब्यांचा इचारूचंय नाय मी. जेव."

दाजी खाली बसले. पण हात पानाकडे जाईना. "आक्का, तू ते खुबे इतकी वर्सां खातस. तुका काय झाला तर? मीच..."

"माका काय एक झाला नाय. आणि तुका त्या कामार धाडल्यान कोणी? मीच मां?" आक्कानं पानावर पळीभर वाढलं. "पयल्या दिवशीच सांगलस आसतस तर अर्धा माझ्या माथ्यार घेतलंय नसतंय? मेल्या, एकटोच ओझा वावरवत बसलस. जेव आता."

दाजी जेवले. घास गिळताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते सांबाऱ्याला नावं ठेवत होते, तिखट झालाय म्हणून. आक्का म्हणाली, मिरची घालायलाच विसरलेय. मला काय करावं ते कळेना, म्हणून मी अंगणातल्या चिखलाच्या पानांवर बसलेल्या कोंबड्या हाकलत राहिलो.

हात धुऊन दाजी ओट्यावर आले. "लिवा मास्तरांनू."

मी टाक बुडवला. या वेळी त्यांनी घसा साफ केला नाही. कोणती पावडर, किती वर्षं, कुठल्या कातळावर, सगळं भराभर सांगितलं. मी ते शुद्ध मराठीत उतरवत गेलो. मग 'प्रयोजन' आलं. मी म्हटलं, "इथं लिहितो, 'सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने'. साहेब लोकांना बरं वाटतं."

"ता नको," दाजी म्हणाले. "खरा ता लिवा."

त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. पोस्टाच्या नोकरीत मी हजारो पत्रं पुढे धाडली, पण शिक्का मारताना हात थबकला तो याच एका पत्रावर. मुंबईच्या साहेबाला काय वाटलं असेल कोण जाणे. त्यात लिहिलं होतं :

'प्रयोजन : बहिणीकडे खुबे जेवायला जायचे आहे. कृपया लवकर कळवावे.'